‘अचानक गेला’ म्हणजे काय? तरुणांमधला पक्षाघात आणि आकस्मिक मृत्यू



धामणकर नाक्यावर बोलायचं म्हणजे आधी आवाजाशी जमवून घ्यावं लागतं. बाहेर रिक्षा आहेत, कंटेनर आहेत, मेट्रोचं काम आहे, आणि मागच्या गल्ल्यांमधून यंत्रमागांची खडखड आहे. तेव्हा मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा, आम्ही पुन्हा सांगू.

सुरुवातीलाच एक खुलासा. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पदवीचं. आम्हाला नाडी कळत नाही. व्याख्यान संपल्यावर कोणी औषध विचारू नये. मग या विषयावर आम्ही का बोलतो आहोत, ते पुढे सांगतो. पण विषयात एक शब्द असा आहे की तो आमच्या कामाचा आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘अचानक’.

या नाक्यावरचे फ्लेक्स वाचायची आम्हाला सवय आहे. दोनच प्रकारचे असतात, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पूर्वी टोपीवाले आजोबा असायचे. हल्ली अधूनमधून गॉगल लावलेला तिशी-पस्तिशीचा तरुण असतो. फोटो तोच, जो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होता. खाली लिहिलेलं असतं, ‘अकस्मात निधन’. आपण वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो, आणि सिग्नल सुटला की पुढे जातो.

आज त्या ‘अकस्मात’पाशी जरा थांबू या.

अचानक कोणाला?

आधी याच भागातलं एक उदाहरण घेतो. २१ सप्टेंबर २०२० ची पहाट. पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. माणसं झोपेत होती. जवळजवळ चाळीस जीव गेले, त्यात लहान मुलं होती. तुमच्यापैकी काहीजण त्या पहाटे तिथे धावले असतील. आता सांगा, ती इमारत अचानक पडली का? पडली ती काही क्षणांत, हे खरं. पण इमारत जुनी होती, तिची अवस्था लोकांना दिसत होती, नोटीस दिली होती का आणि कोणाला दिली होती याची चर्चा नंतर पुष्कळ झाली. म्हणजे पडण्याची क्रिया क्षणाची होती. पडण्याची तयारी कित्येक वर्षं चालू होती.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही मुलांना सांगायचो की काही विशेषणं वस्तूची असतात आणि काही बघणाऱ्याची. ‘लाल’ हे फुलाबद्दल सांगतं. ‘अनपेक्षित’ हे आपल्याबद्दल सांगतं, की आपली अपेक्षा नव्हती. ‘अचानक’ हा शब्द बराचसा या दुसऱ्या जातीचा आहे. कोणी अचानक गेला असं आपण म्हणतो तेव्हा त्यात ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे वाक्य दडलेलं असतं. मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. माहीत होण्यासारखं काही होतं का?

आमचा विद्यार्थी

आता आमचं सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी होता. नाव सांगत नाही, घरच्यांना ते नको आहे. वय ३४. माणकोलीच्या बाजूला गोदामं आहेत ना, त्यांपैकी एका गोदामात तो रात्रपाळीचा सुपरवायझर होता. सणासुदीत ऑनलाइन मालाची घाई असली की पाळी बारा तासांची, कधी चौदा. अधूनमधून संध्याकाळी कामावर जाताना तो आमच्याकडे चहाला यायचा.

एका गुरुवारी आला आणि हसत हसत म्हणाला, “सर, आज गंमत झाली. मोबाईल हातात धरला होता, तो आपोआप खाली पडला. दहा मिनिटं उजवा हात आपला नव्हताच जणू. बोलायला गेलो तर जीभ जड. मग आपोआप बरं वाटलं.”

आम्ही काय म्हणालो असू? आम्ही म्हणालो, “अरे, हात अवघडला असेल. झोप पुरी कर.”

चाळीस वर्षं कार्यकारणभाव शिकवला, आणि समोर लक्षण आलं तेव्हा आम्ही त्याला झोप सांगितली. रविवारी पहाटे पाचला घरी आल्यावर तो दारातच पडला. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलणं बंद. घरच्यांनी त्याला झोपवलं, तळपाय चोळले. कोणी म्हणालं, गॅस वर चढला. सकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन दिलं आणि ‘मोठ्या ठिकाणी न्या’ म्हणाले. जिथे सीटी स्कॅन होतो अशा ठिकाणी तो पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. म्हणजे आठ तास. चौथ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला आम्ही घरी गेलो तेव्हा त्याच्या पत्नीनं एकच विचारलं. “सर, ह्यांनी तुम्हाला हाताचं सांगितलं होतं ना?”

म्हणून आम्ही या विषयावर बोलतो आहोत. त्या दिवसापासून जे वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारून जे समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

‘वारं गेलं’ म्हणजे काय होतं?

आपल्याकडे पक्षाघाताला म्हणतात ‘अंगावरून वारं गेलं’. अर्धांगवायू म्हणतात, त्याही नावात वायू आहे. नावामुळे वाटतं की दोष अंगात आहे, हातापायांत आहे, म्हणून आपण हातपाय चोळतो. पण हात-पाय ठीक असतात. बिघाड मेंदूत असतो.

मेंदूला सतत रक्त लागतं. ते नेणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली तर तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग मरायला लागतो. हा पक्षाघाताचा जास्त आढळणारा प्रकार. दुसऱ्या प्रकारात रक्तवाहिनी फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. अनुभवी डॉक्टरलाही नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. आणि उपाय एकमेकांच्या उलट आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवायची, स्राव असेल तर थांबवायचा. म्हणून घरात असलेली ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी आपल्या मनानं देणं धोक्याचं आहे.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर नळी घालून गुठळी बाहेर काढता येते, ते काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करतात. पण ‘चोवीस तास आहेत’ असं समजून कोणी निवांत बसू नये. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा २००६ साली एका अमेरिकन मेंदूतज्ज्ञानं मांडलेला हिशेब आहे. आपण पाच मिनिटं ‘बघू, बरं वाटेल’ म्हणतो, तेवढ्यात पंचाण्णव लाख गेल्या.

आता आमच्या विद्यार्थ्याचा गुरुवार. हात दहा मिनिटं गेला आणि परत आला. वारं आलं आणि निघून गेलं. गुठळी थोडा वेळ अडकून सुटली की असं होतं. हा छोटा झटका बरा होतो, म्हणूनच फसवतो. त्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या दोन-तीन दिवसांतच असतो. तो त्याच संध्याकाळी रुग्णालयात जायला हवा होता. गेला असता तर वाचलाच असता, असं आम्ही म्हणणार नाही, तसं म्हणायला पुरावा नाही. पण एक संधी होती, आणि ती आमच्या समोर चहा पीत बसली होती.

हृदयाचं काय?

‘हार्ट अटॅकनं गेला’ असं आपण सरसकट म्हणतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते तो हृदयविकाराचा झटका. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दाब येतो, घाम फुटतो, दुखणं हातात किंवा जबड्यात जातं. दुसरी गोष्ट म्हणजे हृदय थांबणं. हृदय विजेवर चालतं असं समजा. ती वीज बिघडली की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही, आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. नळ तुंबणं आणि घरातली वीज जाणं, एवढा हा फरक आहे. झटक्यामुळे हृदय थांबू शकतं, पण झटका नसतानाही ते थांबू शकतं.

तिशी-पस्तिशीच्या पुढे बहुतेक वेळा मूळ कारण तुंबलेली वाहिनीच असते. त्याहून लहान वयात जन्मतः आलेले दोष जास्त दिसतात. काहींच्या हृदयाचा स्नायू वाजवीपेक्षा जाड असतो, काहींच्या हृदयाच्या विजेतच खोट असते. अशा घराण्यांत आधीही कोणी लहान वयात गेलेलं असतं. आपण म्हणतो, ‘काकाही असाच खेळता खेळता गेला होता’ आणि तिथेच थांबतो. खरं तर त्या वाक्यावर घरातल्या बाकीच्यांनी ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायला हवी.

आपल्या भागाबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ नावाच्या अभ्यासात असं दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका बाकी जगापेक्षा सुमारे सहा वर्षं आधी येतो. तंबाखू, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी हे सगळं आपल्याकडे लवकर सुरू होतं, हे त्याचं मुख्य कारण निघालं.

निमित्त आणि कारण

आता थोडं तत्त्वज्ञान, सवय जात नाही. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं ‘तर्कसंग्रह’ लिहिला. त्यात कारणांचे तीन प्रकार सांगताना त्यानं उदाहरण घेतलंय ते कापडाचं. भिवंडीकरांना हे आवडेल. धागे हे कापडाचं समवायी कारण, म्हणजे ज्यातून कापड बनतं ते. धाग्यांची एकमेकांत गुंफण हे असमवायी कारण. आणि धोटा, माग हे निमित्त कारण.

आपल्या बोलण्यातला ‘निमित्त’ हा शब्द तोच. ‘जिमचं निमित्त झालं’, ‘नाचण्याचं निमित्त झालं’ असं आपण म्हणतो. शब्द अगदी बरोबर आहे, फक्त आपण त्यालाच पूर्ण कारण समजतो. नुसता धोटा फिरवून कापड निघत नाही, मागावर सूत लावलेलं असावं लागतं.

२९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. त्या सकाळी त्यांनी व्यायाम केला होता. लगेच सगळीकडे सुरू झालं, जिम बंद करा. ते निमित्ताबद्दलचं बोलणं होतं. सुताबद्दल कोणी बोलेना.

मग पक्षाघाताचं सूत कोणतं? ३२ देशांतल्या, भारतही त्यात होता, ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासानं २०१६ मध्ये दाखवलं की बदलता येण्यासारख्या दहा गोष्टींशी सुमारे ९० टक्के पक्षाघातांचा संबंध आहे. पहिला क्रमांक उच्च रक्तदाबाचा. मग धूम्रपान, मधुमेह, दारू, ताण, पोटाचा घेर, बैठेपणा, आहार, रक्तातली चरबी आणि हृदयाचे आजार. उच्च रक्तदाबाला दुखणं नसतं. १६०-१०० रक्तदाब घेऊन माणूस वर्षानुवर्षं गोदामात पेट्या उचलतो आणि म्हणतो, ‘आपल्याला काही नाही.’

तरुणांमध्ये आणखी काही कारणं आहेत, ती या नाक्याच्या शंभर पावलांत सापडतील.

सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकड मोडून घेतात. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला अशा झटक्यानं चीर पडू शकते, आणि तिथे गुठळी होते. तरुणांमधल्या पक्षाघाताचं ही चीर हे मान्य झालेलं कारण आहे. मान मोडून घेऊ नका.

दुसरं, बाळंतिणी. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्त घट्ट होण्याकडे कल असतो. त्यात आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरेत गुठळी झाली तर दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, झटके येतात. ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा लावण्यात दिवस घालवू नका. बाळंतिणीला पाणी द्या आणि अशी डोकेदुखी दाखवून घ्या.

तिसरं, लहानपणी सांधे सुजून ताप आलेला आणि त्यातून हृदयाची झडप खराब झालेली मुलं. ती मोठी होतात, कामाला लागतात, आणि त्या झडपेच्या हृदयातून गुठळी सुटून मेंदूत जाते.

आणि चौथं, तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते ते इथल्या भिंती सांगतात.

बारा तासांची पाळी

आता जे बोलणार आहोत ते काही मालक मंडळींना आवडणार नाही, पण ते इथे बसलेत म्हणून टाळणं बरं नव्हे.

१९६९ साली जपानमध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राच्या माल रवाना करणाऱ्या विभागातला २९ वर्षांचा कामगार पक्षाघातानं गेला. जास्त कामामुळे आलेला मृत्यू म्हणून ज्याची नोंद सांगितली जाते असा तिथला तो पहिला. पुढे जपानी भाषेत अशा मृत्यूला स्वतंत्र शब्दच झाला, ‘कारोशी’. माल पाठवायचा विभाग, तरुण माणूस आणि पक्षाघात. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात ही गोष्ट परकी वाटत नाही.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी एकत्र आकडे मांडले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. मागावरचा कामगार रोज बारा तास, आठवड्याला सहा दिवस उभा राहतो. ७२ तास झाले. गणित तुम्हीच करा.

हे फक्त मागावर आहे असंही नाही. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका बड्या कंपनीतली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. नोकरीला चारच महिने झाले होते. तिच्या आईनं कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कंपनीनं ते अमान्य केलं. त्या एका मृत्यूचा निवाडा आपण इथे करू शकत नाही, करूही नये. आकडे समूहाबद्दल सांगतात, एका माणसाबद्दल नाही. पण इतक्या लोकांना ते पत्र आपल्याच घरातलं वाटलं, याचा विचार व्हायला हवा.

कावळा आणि फांदी

एक प्रश्न तुमच्या मनात आहे हे आम्हाला माहीत आहे, कारण सभागृहात शिरतानाच तिघांनी विचारला. “सर, हे लशीमुळे होतंय का?”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असं आपण म्हणतो. शास्त्रात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. लस जवळजवळ प्रत्येकानं घेतली. तेव्हा जो कोणी नंतर गेला तो लस घेतलेलाच असणार. नंतर झालं म्हणजे त्यामुळे झालं, हा तर्कातला सगळ्यात जुना घोटाळा आहे. मग खरं कसं शोधायचं? जे गेले त्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच भागातल्या, न गेलेल्या माणसांशी करायची.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं नेमकं हे केलं. ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयाचे, वरवर निरोगी असून अचानक गेलेले ७२९ जण, आणि तुलनेसाठी २,९१६ जण. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन मात्रा घेतलेल्यांत तो उलट कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागलेल्यांत, घरात आधी कोणी अचानक गेलेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत खूप दारू किंवा नशेचे पदार्थ घेतलेल्यांत, आणि त्याच दोन दिवसांत एकदम अति जोराचा व्यायाम केलेल्यांत.

आम्हाला इथे काळजी वेगळी वाटते. लशीला दोष देऊन माणूस मोकळा होतो. मग तो रक्तदाब मोजत नाही, तंबाखू सोडत नाही. चुकीचं कारण हाती आलं की खऱ्याचा शोध थांबतो.

मग करायचं काय?

पाठ करून जा. पक्षाघात ओळखायला चार शब्द: चेहरा, हात, बोलणं, वेळ. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का? एखादं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळतेय का? यांतलं एक जरी असेल तर वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. एकदम तोल जाणं, एकदम दिसेनासं होणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं, हीही लक्षणं आहेत. आपोआप बरं वाटलं तरी जायचंच.

‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील. पाणी, चहा पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. कांदा हुंगवणं, बोटांना सुई टोचणं, तेल चोळणं यात वेळ घालवू नका. आणि जिथे नेणार तिथे आधी विचारा, सीटी स्कॅन चालू आहे का? पक्षाघाताचं इंजेक्शन देतात का? रात्री दोनला ठाण्याला पोचायला किती वेळ लागतो आणि संध्याकाळी सातला कोंडीत किती, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हा कुठे जायचं हे आजच ठरवा. फोनमध्ये नंबर ठेवा.

छातीत दाब आणि घाम असेल तर ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. डिसेंबर २०२३ मध्ये अभिनेते श्रेयस तळपदे चित्रीकरण आटोपून घरी आले, बरं वाटेना, पत्नीनं लगेच रुग्णालयात नेलं. वय ४७. आज ते पुन्हा काम करताहेत.

आणि कोणी समोर कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही, श्वास नीट नाही, तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं छाती दाबायला लागायचं. छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. थांबायचं नाही. १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात मैदानावर कोसळला. वय २९. जागच्या जागी छाती दाबली, यंत्रानं विजेचा झटका दिला, तो वाचला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा खेळायला लागला. २००३ मध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो असाच मैदानावर कोसळला, वय २८, तो वाचला नाही. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड असल्याचं नंतर कळलं. प्रत्येकाला वाचवता येतं असं नाही. पण काही न करणाऱ्या गर्दीत कोणीच वाचत नाही.

दोष आणि जबाबदारी

शेवटचा मुद्दा, आणि तो जपून बोलायचा आहे. हे सगळं ऐकून कोणी घरी जाऊन गेलेल्याच्या आईला म्हणू नका, ‘तुम्ही लक्ष दिलं नाहीत.’ काही मृत्यू आजच्या ज्ञानाला खरोखरच आधी दिसत नाहीत. आणि जे दिसू शकले असते, तिथेही दोष आणि जबाबदारी वेगळी. दोष मागे बघतो आणि एक माणूस शोधतो. जबाबदारी पुढे बघते आणि ती अनेकांत वाटलेली असते. पाळी ठरवणाऱ्या मालकाची, तपासणीची सोय करणाऱ्या पालिकेची, लक्षण ऐकून ‘झोप’ सांगणाऱ्या मास्तरची, आणि ज्याचा हात दहा मिनिटं गेला होता त्याचीही.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न (एक तरुण कामगार): सर, दवाखान्यात गेलो तर खाडा पडतो. शेठ म्हणतो, उद्यापासून येऊ नको.

तुमचं खरं आहे, आणि याला आमच्याकडे सोपं उत्तर नाही. पण रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात. ते यंत्र कारखान्यात आणा. दहा जणांनी वर्गणी काढली तरी येतं. आणि शेठ मंडळींना एवढंच सांगणं आहे, मागाला महिन्यातून एकदा तेल घालता, मेकॅनिक बोलावता. त्याच दिवशी माणसंही तपासून घ्या.

प्रश्न (एक विद्यार्थी): मग जिम सोडायची का?

नाही. रोज बेतानं व्यायाम करणारा जास्त सुरक्षित असतो. वर्षभर खुर्चीत बसून लग्नाच्या आधी पंधरा दिवस वजनं उचलू नका. रात्री दारू, सकाळी जिम हे तर नाहीच. आणि घरात कोणी लहान वयात गेलं असेल तर आधी तपासून घ्या.

प्रश्न (एक आजी): नशिबात असेल ते होणारच ना, भाऊ?

असेलही, आजी. पण पाऊस आपल्या हातात नाही म्हणून कापलेला भात आपण उघड्यावर टाकत नाही. नशिबात काय आहे हे दोघांनाही ठाऊक नाही, तोवर झाकायचं काम आपलं.

प्रश्न (मागून): त्यांच्या पत्नीला तुम्ही काय उत्तर दिलंत?

आम्ही ‘हो, सांगितलं होतं’ म्हणालो. दुसरं काही बोलता आलं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं. आज त्या इथे आल्या आहेत, बसल्यात मागे, आणि दाराजवळच्या टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र आहे ते त्यांनीच आणलंय. जाताना रांग लावा. तिशीच्या आतले आधी. १४०-९० किंवा जास्त निघालं तर घाबरू नका. लिहून घ्या, दोन-तीन दिवसांत पुन्हा मोजा, आणि डॉक्टरकडे जा. १८०-१२० च्या पुढे निघालं तर दोन दिवस थांबू नका, इथूनच थेट जा. त्याबरोबर हात जड, तोंड वाकडं, छातीत दुखणं असं काही असेल तर लगेच १०८.